बाहेरून कडी

एकांत हा शब्द मराठी साहित्यात जितका भेटतो, तितका मराठी घरात भेटत नाही. कवीला तो नदीकाठी सापडतो, योग्याला गुहेत सापडतो. आम्हां चाळकऱ्यांना तो एकाच ठिकाणी सापडायचा, आणि तिथंही बाहेर रांग असायची. आत जाऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच कुणीतरी टमरेलानं दारावर ताल धरी आणि "अहो, डोळा लागला का?" अशी आपुलकीनं चौकशी करी. बाकीचा जन्म गर्दीत गेला. अभ्यास केला तो शेजारच्या रेडिओच्या साथीवर, आणि लग्नानंतर बायकोशी पहिलं मनमोकळं बोलणं झालं ते भाजी आणायचं निमित्त काढून दोघं बाहेर पडलो तेव्हा. 'मला थोडा वेळ एकटं सोडा' हे वाक्य आम्ही फक्त नाटकात ऐकलं. घरात कुणी तसं म्हटलं असतं तर आईनं आधी कपाळाला हात लावून ताप पाहिला असता आणि मग मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या.

अशा माणसाला कुणी सांगितलं, की एका राज्यात सरकार स्वतःच्या खर्चानं एकेकाला स्वतंत्र खोली देत असे, खोलीला लागून खासगी अंगण, खोलीतच नळ आणि संडास, हिवाळ्यात ऊब, जेवण जागेवर, आणि वर्षानुवर्षं एकही शेजारी साखर मागायला येणार नाही अशी पक्की हमी, तर त्याच्या तोंडाला पाणी सुटणारच. अट एकच. आधी चोरी करावी लागे.

राज्याचं नाव पेनसिल्व्हेनिया. इमारतीचं नाव ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी. फिलाडेल्फिया शहरात ती अजून उभी आहे. फक्त आता तिथं कैदी नसतात, प्रवासी असतात. माझा भाचा शेजारच्या राज्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, "मामा, लोक इथं स्वातंत्र्याची घंटा बघायला येतात. तुम्ही तुरुंग काय बघायचा म्हणता?" मी म्हटलं, "घंटेला तडा गेलाय ना? मग तडा कुठं गेला तेही बघू." तिकीट काढून आम्ही तिघं आत गेलो, मी, आमची ही आणि भाचा. तुरुंगात जायला पैसे मोजण्याची माझी पहिलीच वेळ. आपल्याकडं आत जायला पैसे पडत नाहीत, बाहेर यायला पडतात.

ही भानगड सुरू कशी झाली ते जरा नीट सांगायला हवं, कारण ती फार चांगल्या माणसांनी सुरू केली. वाईट माणसांनी सुरू केलेली गोष्ट लोक लवकर बंद पाडतात. चांगल्या माणसांनी सुरू केलेली बंद पाडायला तीन-चार पिढ्या जातात.

पहिला चांगला माणूस म्हणजे विल्यम पेन. हा क्वेकर पंथाचा, इंग्लंडात धर्मापायी स्वतः तुरुंगाची हवा खाऊन आलेला. त्यामुळं १६८२ साली नव्या वसाहतीचा कायदा केला तेव्हा त्यानं फाशी ठेवली ती फक्त खुनाला; बाकीच्यांना कोंडून कामाला लावा, म्हणाला. १७१८ साली पेन वारला आणि त्याचा कायदाही त्याच्याबरोबरच गेला. फटके, खोडा आणि फाशीची लांबलचक यादी पुन्हा आली. पुढं इंग्रजांना हाकलल्यावर लोकांना आपण सुधारलो असं वाटू लागलं, आणि १७८६ साली नवा कायदा झाला: कैद्याचं डोकं भादरायचं, पायात लोखंडी गोळा अडकवायचा आणि हातगाडी देऊन भर रस्त्यात साफसफाईला जुंपायचं. चारचौघांत लाज वाटून तो सुधारेल ही कल्पना. झालं असं की चारचौघांचे चारशे जमू लागले. कुणी टिंगल करी, कुणी दारू आणून देई, मारामाऱ्या होत. शिक्षा कैद्याला आणि करमणूक सगळ्या गावाला.

तेव्हा १७८७ च्या मे महिन्यात गावातल्या सज्जनांनी मंडळ काढलं. नाव 'सार्वजनिक तुरुंगांतील हालअपेष्टा निवारणार्थ फिलाडेल्फिया मंडळ'. नाव वाचून वाटावं, नोंदणी सदाशिव पेठेत झाली असणार. त्याच महिन्यात त्याच गावात, अमेरिकेची राज्यघटना लिहायला राज्याराज्यांतले प्रतिनिधी जमत होते. ते बसले त्या इमारतीच्या मागच्या बाजूलाच वॉलनट स्ट्रीटचा तुरुंग होता, आणि तिथले कैदी लांब काठीच्या टोकाला टोपी बांधून ती खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांपुढं धरत आणि भीक मागत. म्हणजे इकडं स्वातंत्र्याची कलमं चाललीत आणि तिकडं टोपी फिरतेय. पुढारी लोकांना हे नवं नाही. फक्त सहसा टोपी त्यांच्या हातात असते.

मंडळातला सगळ्यांत हुशार माणूस डॉक्टर बेंजामिन रश. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेला. पण डॉक्टर एका औषधाचा: ताप आला, काढ रक्त, वेड लागलं, काढ रक्त. गुन्हेगारीवर रक्त काढून झालंच होतं, उपयोग नव्हता, म्हणून त्यानं दुसरं औषध शोधलं. १७८७ सालीच बेंजामिन फ्रँकलिनच्या घरी त्यानं निबंध वाचला, की गावापासून दूर एक घर बांधावं, वाट अवघड असावी, दारं लोखंडी असावीत, आणि त्यांच्या करकरीला शेजारच्या डोंगरातून प्रतिसाद यावा. दाराला तेल घालू नका असं सुचवणारा इतिहासातला हा पहिला डॉक्टर असावा. आत काय? तर काम, शांतता आणि एकांत.

आता क्वेकरांच्या प्रार्थनेला ना भजन ना प्रवचन. सगळे गप्प बसतात. आत उजेड पडला असं कुणाला वाटलं तर तो उठून दोन शब्द बोलतो, नाहीतर सगळे गप्पच घरी जातात. त्यांना त्या गप्प बसण्यात खरंच देव भेटत होता. आणि जे आपल्याला मानवलं ते दुसऱ्याला पाजल्याशिवाय सज्जन माणसाला झोप लागत नाही. प्रत्येक घरात कारल्याचा रस पिणारे एक काका असतात. काकांना गुण आलेला असतो, त्याबद्दल वाद नाही. भीती असते ती ते पातेलं घेऊन आपल्या दिशेला वळतात तेव्हा. इथं तर सगळ्या राज्याचं पातेलंच काकांच्या हाती आलं. १७९० साली वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगात सोळा एकट्या कोठड्यांनी सुरुवात झाली आणि १८२९ साली, एका चेरीच्या बागेच्या जागी, ही अजस्र इमारत उघडली. पेनिटेन्शरी म्हणजे पश्चात्तापगृह.

जॉन हॅविलंड नावाच्या वास्तुशिल्पकारानं ती किल्ल्यासारखी बांधली. तीस फूट उंच भिंत, बुरूज, बाहेरून बघणाऱ्याला धडकी भरावी म्हणून दाखवायच्या खिडक्या. मधे गोल चौक आणि तिथून गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात लांब इमारती. खर्च पावणेआठ लाख डॉलरांच्या वर. त्या काळी देशातल्या सगळ्यांत महाग इमारतींपैकी ही एक. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन व्हाइट हाउसात राहायला गेले तेव्हा तिथं नळ नव्हता, आणि चोराच्या कोठडीत होता!

आम्ही एका कोठडीत शिरलो. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, वर कमानदार छत, छताला एक लहानसं काचेचं भोक. तेवढ्यातून उजेड. देवाचा डोळा म्हणत त्याला. गिरगावातल्या माणसाला अशा जागेत गेल्यावर पहिला प्रश्न सुचतो तो डिपॉझिट किती. एवढ्याच जागेत आम्ही सात माणसं, एक शिवणयंत्र आणि पाहुणे राहत होतो. मी म्हटलंही, "एकट्याला भरपूर आहे हो!"

ही मात्र दाराशी उभी होती. बायका घर बघायला गेल्या की आधी ओटा बघतात आणि मग कड्याकोयंडे. ती म्हणाली, "कडी आतून नाहीये."

"तुरुंग आहे तो, मामी," भाचा म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. दुपारी दोन ते तीन मी आतून कडी घालून पडते, तो एकांत. बाहेरून घातली की त्याला कोंडणं म्हणतात. एवढी शिकलेली माणसं, त्यांना हे सांगायला घरात कुणी नव्हतं?"

डॉक्टर रश यांच्या निबंधाला इतकं थोडक्यात उत्तर कुणी दिलं नसेल.

पहिला कैदी आला २५ ऑक्टोबर १८२९ ला. चार्ल्स विल्यम्स, कृष्णवर्णी शेतकरी. नोंदवहीत त्याच्या नाकावरचा व्रण लिहिलाय, पाऊल अकरा इंच असं मापही लिहिलंय, आणि 'वाचता येतं' असंही लिहिलंय. गुन्हा घरफोडीचा: वीस डॉलरचं एक घड्याळ, तीन डॉलरची एक सोन्याची मुद्रा आणि एक सोन्याची किल्ली. शिक्षा दोन वर्षं. किल्ली चोरली म्हणून कुलपात पडलेला माणूस! त्या दिवसापासून तो एक नंबरचा कैदी. नावानं हाक बंद.

पुढं व्यवस्था अशी. कोठडीबाहेर काढायचं तर डोक्यावरून पिशवीसारखा मुखवटा, म्हणजे त्यानं कुणाला बघायला नको आणि कुणी त्याला. अंगणात रोज तासभर, पण शेजारच्या अंगणात त्या वेळी कुणी नाही. घरचं पत्र नाही, वर्तमानपत्र नाही. जेवण दारातल्या झरोक्यातून. काम एकट्यानं, चपला शिवायचं नाहीतर माग चालवायचं. पुस्तक एक, बायबल. पहारेकऱ्यांच्या पावलांचाही आवाज नको, म्हणून ते बुटांवरून मोजे चढवत. आपल्याकडं असं पाऊल न वाजवता चालणारा माणूस म्हणजे उशिरा घरी आलेला नवरा. तिथं ही सरकारी नोकरी होती. मंडळाचे सभासद मात्र अधूनमधून येऊन पश्चात्ताप कुठवर आलाय ते विचारून जात.

आणि मग जे व्हायचं ते झालं. माणूस बोलायला लागला. दाराला तोंड लावून, पाइपावर बोटांनी टकटक करून, नळाच्या नळीतून. चोरी एकदा करून थांबता येतं. बोलणं थांबवता येत नाही. मग बोलण्याला शिक्षा आली. मथायस मॅक्कम्सी नावाच्या कैद्याला बोलल्याबद्दल तोंडात लोखंडी लगाम घालून मागं हातांशी जखडलं. १८३३ साली त्यातच तो मेला. पुढच्या वर्षी विधिमंडळाची चौकशी समिती बसली आणि तिनं अधिकाऱ्यांना दोषमुक्त केलं. चौकशी समित्यांचा इतिहासही बराच जुना आहे म्हणायचा.

जगभरातून लोक हे बघायला येत. १८३१ साली फ्रान्सहून अलेक्सी द तॉकव्हिल आला. तो तुरुंगांचाच अभ्यास करायला आला होता, कोठड्यांत बसून एकेका कैद्याशी बोलला, आणि परत जाऊन पुढं लोकशाहीवर ग्रंथ लिहून अजरामर झाला. १८४२ साली चार्ल्स डिकन्स आला. त्यानं लिहिलं त्याचा आशय असा, की ही व्यवस्था काढणाऱ्यांचा हेतू दयेचाच आहे, पण आपण काय करतोय ते त्यांना कळत नाही. अंगावरचे वळ दिसतात तरी, मनावरचे दिसत नाहीत, म्हणून हा छळ जास्त वाईट. मंडळाला राग आला. चांगल्या माणसाला चोर म्हटलं तर तो हसतो. तुमच्या चांगुलपणानं दुखतं असं म्हटलं की तो पत्रकं छापतो.

पत्रकं छापायची सवय होतीच, कारण न्यूयॉर्क राज्याशी भांडण चालू होतं. तिथल्या ऑबर्न तुरुंगानं १८२१ साली ऐंशी कैद्यांना काम न देता नुसतं एकटं कोंडून पाहिलं होतं. माणसं वेडी झाली, काही दगावली, तेव्हा त्यांनी तो प्रयोग सोडला आणि नवी पद्धत काढली: दिवसा सगळ्यांनी एकत्र काम करायचं, मुकाट्यानं, रात्री वेगळं झोपायचं. पेनसिल्व्हेनिया म्हणे आमचं शास्त्रीय, न्यूयॉर्क म्हणे आमचं स्वस्त. एका मुद्द्यावर दोघांचं पूर्ण एकमत होतं: कैद्यानं बोलायचं नाही. या एका मुद्द्यावर ते कित्येक वर्षं बोलत होते.

अमेरिकेत ऑबर्न जिंकलं, कारण तिथं कारखाना चालायचा आणि पैसे सुटायचे. युरोपला पेनसिल्व्हेनियाचा नमुना आवडला. १८४२ साली लंडनमध्ये त्याच धर्तीवर पेंटनव्हिल उभं राहिलं, आणि इंग्रजाला एकदा गोष्ट आवडली की ती बोटीत बसून पुढं जातेच. तिथल्या भिंतीवरचा तो चाकाचा नकाशा बघताना मला उगीच ओळखीचं वाटत होतं. मधे मनोरा, भोवती सात आरे, एकेकट्या कोठड्या. भाच्याला विचारलं तर तो इतिहासात कच्चा. पण शाळेत सावरकरांचा धडा असलेल्या कुठल्याही मराठी माणसानं सांगितलं असतं. १९०६ साली बांधून पुरा झालेला अंदमानचा तुरुंग! नावातच कोठडी: सेल्युलर. १९११ साली सावरकर तिथं गेले तेव्हा त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याच भिंतींत होते, आणि भाऊ भावाला भेटू शकत नव्हता. तिथं तर पश्चात्तापाचं सोंगही नव्हतं, बायबलाऐवजी कोलू होता. पण तिथंही माणसं टकटक करून बोललीच, आणि कागद नव्हता तर भिंतीवर कविता लिहिल्या. दयाळू माणसानं काढलेला नकाशा निर्दयाच्या हाती गेला की त्यात फारशी दुरुस्ती करावी लागत नाही.

फिलाडेल्फियात मात्र तो नकाशा गर्दीनं हाणून पाडला. चोर वाढले आणि खोल्या तेवढ्याच, म्हणून एकात दोन घालावे लागले. दोन माणसं आली की बोलणं आलं, तक्रार आली, पत्ते आले. १८९० साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयानंही एका निकालात नोंदवलं, की अशा एकांतानं कितीतरी कैद्यांची मती बधिर झाली होती. शेवटी १९१३ साली ही पद्धत अधिकृतपणे सोडून दिली. तत्त्वज्ञानाला जे जमलं नाही ते जागेच्या टंचाईनं केलं. चाळीचा विजय असो!

पुढची हकीकत ऐकली तर डॉक्टर रश यांनी स्वतःचंच रक्त काढलं असतं. १९२४ साली पेप नावाचा एक काळा कुत्रा तुरुंगात दाखल झाला. त्याला रीतसर नंबर मिळाला, सी-२५५९, फोटोही निघाला. वर्तमानपत्रांनी छापलं की त्यानं गव्हर्नरसाहेबांच्या पत्नीचं लाडकं मांजर मारलं म्हणून जन्मठेप झाली. घरच्यांचं म्हणणं निराळं: कैद्यांना विरंगुळा म्हणून तो दिलेला होता. शंभर वर्षांपूर्वी माणसाला माणूस दिसू नये म्हणून मुखवटे शिवले, आणि आता जीव रमावा म्हणून कुत्रा! १९२९ साली शिकागोचा दादा अल कपोन जवळ पिस्तूल बाळगलं म्हणून इथं आठेक महिने राहिला. वर्तमानपत्रांनी त्याच्या कोठडीतला गालिचा, चित्रं आणि रेडिओ वर्णन करून सांगितला. १९४५ साली विली सटन आणि आणखी अकरा जण शंभर फुटांच्या भुयारातून पळाले. सटन काही मिनिटांत सापडला. भुयार खणणं एकट्याचं काम नाही, माती टाकायला चार माणसं लागतात. एकट्यानं कोंडून घेता येतं. सुटायचं तर सोबत लागते.

१९७१ साली तुरुंग ओस पडला. कोठड्यांत झाडं उगवली आणि मांजरांनी वस्ती केली. एक म्हातारा रखवालदार त्यांना खाऊ घालायला येत असे. पेपचा आत्मा कुठं असेल तर त्याला ही खरी जन्मठेप. १९९४ पासून तिथं प्रवासी येतात.

अंगणात एक सोळा फूट उंच पोलादी आलेख उभा केलाय. अमेरिकेत लोकसंख्येच्या मानानं किती माणसं तुरुंगात आहेत, ते दहा-दहा वर्षांच्या पट्ट्यांत दाखवलंय. शेवटच्या पट्ट्या बघायला मान वर करावी लागते. त्या देशात आजही सुमारे वीस लाख माणसं आत आहेत आणि त्यांतली हजारो एकट्या कोठडीत. पंधरा दिवसांच्या वर सलग कुणाला एकटं कोंडू नये असा नियम संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली केला. चार्ल्स विल्यम्सनं चोरलेल्या घड्याळावर मोजायचं तर एकशेशहाऐंशी वर्षं लागली.

एक सांगायचं राहिलं. आत शिरताना प्रत्येकाच्या कानांवर हेडफोन चढवतात. नंबर दाबला की त्या जागेची गोष्ट ऐकू येते. त्यामुळं शेकडो माणसं खाली मान घालून, कुणी कुणाशी अक्षर न बोलता, एकेकट्या कोठडीत जात-येत असतात. बाप एकीत, लेक दुसरीत. क्वेकरांना एवढा खर्च करून जे साधलं नाही ते त्या दोन वाट्यांनी साधलं होतं. मला वाटतं मंडळाचे सभासद कुठून तरी बघत असतील तर समाधानानं माना हलवत असतील.

पण दाराशी येऊन ते हेडफोन परत करावे लागतात. आणि ते कानांवरून निघाले की काय होतं ते बघण्यासारखं असतं. दीड तास साचलेलं सगळं एकदम बाहेर पडतं. कुणी कुत्र्याचं सांगतोय, कुणी भुयाराचं, एक आजी नातवाला ती काचेची खिडकी समजावतायत, एक जोडपं स्पॅनिशमध्ये भांडतंय, आणि आमची ही भाच्याला कडीकोयंड्याचं पुन्हा पहिल्यापासून सांगतेय. त्या जाड दगडी कमानीखाली बाजार भरल्यासारखा कलकलाट झाला. हेडफोन गोळा करणारी पोरगी टोपली धरून उभी होती. तिनं कुणालाही गप्प बसा म्हटलं नाही. उलट प्रत्येकाला विचारत होती, "कसं वाटलं?" आणि प्रत्येक जण थांबून तिला सांगत होता.